विश्लेषण : शोकेसमधली वाइन मुरते की बिघडते? स्वस्त वाइन निवडताना आणि घरी ठेवताना काय पाहावे?

नाशिकची सहल, परतताना वायनरीतून घेतलेली एक बाटली आणि ‘काहीतरी खास निमित्त असेल तेव्हा उघडू’ म्हणत हॉलच्या शोकेसमध्ये झालेली तिची स्थापना... मुंबई, ठाणे, पुण्यातल्या अनेक घरांत हे दृश्य ओळखीचे आहे. मधे दोन-तीन उन्हाळे जातात. निमित्त येते, बाटली उघडते आणि पहिल्याच घोटाला सगळ्यांची तोंडे वाकडी होतात. ‘आपल्याकडची वाइन अशीच’ असा निकाल लावून बाटली सिंकमध्ये रिकामी होते. बहुतेक वेळा दोष वायनरीचा नसतो, तो शोकेसचा असतो. सातशे-आठशे रुपयांची वाइन मुळात मुरवण्यासाठी बनवलेली नसते. त्यात महाराष्ट्रातला एप्रिल-मे हा तिचा सर्वांत मोठा शत्रू. त्यामुळे कमी किमतीची वाइन विकत घेताना ब्रँडपेक्षा तिचे वय आणि दुकानातली जागा पाहणे अधिक फायद्याचे ठरते.

जुनी वाइन अधिक चांगली, हे खरे नाही का?

काही वाइनबाबत ते खरे आहे. फ्रान्समधल्या बोर्दो प्रांतातल्या उंची वाइन, इटलीतली बरोलो, पोर्तुगालमधली व्हिंटेज पोर्ट या वर्षानुवर्षे तळघरात ठेवल्या जातात आणि त्यांची चव खरोखरच बदलत, खुलत जाते. त्यासाठी लागणारे टॅनिन, आम्लता, काही प्रकारांत साखर किंवा जादा अल्कोहोल यांचा साठा त्या वाइनमध्ये पहिल्या दिवसापासून असतो. टॅनिन म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणारा तुरट घटक. कोऱ्या चहाने जीभ जशी आखडते तसा त्याचा परिणाम. हा साठा काळाबरोबर हळूहळू खर्च होतो आणि वाइन मऊ होत जाते.

साध्या वाइनमध्ये हा साठा मुद्दामच कमी ठेवलेला असतो, कारण ती घेणारा माणूस त्याच आठवड्यात ती उघडणार असे गृहीत धरलेले असते. कैरीचे लोणचे वर्षभर मुरते, कैरीचा तक्कू मात्र चार दिवसांत संपवावा लागतो. कैरी तीच, बनवण्याचा हेतू वेगळा. जगभरात विकली जाणारी बहुतांश वाइन ही अशी तक्कूच्या जातीची असते. तिच्यातला ताज्या फळांचा वास, हलका आंबटपणा हेच तिचे भांडवल आणि ते वर्ष-दोन वर्षांत ओसरते. ती ठेवून चांगली होत नाही, फक्त जुनी होते.

बाटलीत नेमके काय बिघडते?

उष्णता, हवा आणि उजेड ही तीन कारणे. त्यात आपल्याकडे पहिले सर्वांत महत्त्वाचे. रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंश सेल्सिअसमागे साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. वाइन साठवण्यासाठी आदर्श मानले जाणारे तापमान १२-१३ अंशांच्या आसपास असते. उन्हाळ्यात बंद फ्लॅटमध्ये पारा ३३ अंशांवर सहज जातो. म्हणजे वीस अंशांचा फरक, वेग चौपट. युरोपातल्या तळघरात वर्षभरात जे घडेल ते इथे एका उन्हाळ्यात घडते. शिवाय नुसता वेग वाढतो असेही नाही. जास्त उष्णतेत वेगळ्याच क्रिया सुरू होतात आणि ताज्या फळाच्या वासाची जागा उकडलेल्या, जॅमसारख्या वासाने घेतली जाते.

दुसरे असे की, द्रव तापला की प्रसरण पावतो. दुपारी वाइन फुगते आणि बुचाला बाहेर रेटते, रात्री आकसते आणि बुचाच्या कडेने थोडी हवा आत ओढते. रोज असा एक श्वास. त्या हवेतल्या प्राणवायूमुळे अल्कोहोलपासून अॅसिटाल्डिहाइड हे रसायन तयार होते. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येऊ लागतो आणि पांढरी वाइन तपकिरी पडू लागते. हवा पुरेशी मिळाली तर अॅसिटिक आम्ल तयार करणारे जिवाणू कामाला लागतात आणि वाइनचे व्हिनेगर होते. फ्रेंच वाइन बिघडण्याचा प्रश्न एकोणिसाव्या शतकात इतका मोठा झाला होता, की सम्राट तिसरा नेपोलियन याने त्याचा शोध लुई पाश्चर यांच्याकडे सोपवला. पाश्चर यांनी वाइनवरचा आपला ग्रंथ १८६६ मध्ये प्रसिद्ध केला. दुधाच्या पिशवीवर रोज दिसणारा ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द या वाइनच्या अभ्यासातून आला आहे.

उजेडाचे नुकसान त्या मानाने कमी चर्चेत असते. पण पारदर्शक काचेच्या बाटलीतली रोझे किंवा पांढरी वाइन ट्यूबलाइटखाली किंवा खिडकीशी काही आठवडे राहिली, तर तिला शिजलेल्या कोबीसारखा वास येऊ शकतो. निळ्या आणि अतिनील किरणांमुळे वाइनमधले काही घटक फुटून गंधकाची संयुगे तयार होतात. बहुतेक बाटल्या हिरव्या किंवा तपकिरी काचेच्या असतात त्या याचसाठी. रोझेचा गुलाबी रंग दिसावा म्हणून तिला पारदर्शक बाटली देतात आणि दिसण्यासाठीची ही किंमत ती वाइन मोजते.

लेबलवर काय पाहावे?

सर्वांत आधी साल. लेबलवरचे साल म्हणजे द्राक्षे तोडली ते वर्ष, बाटली भरली ते नव्हे. युरोपात द्राक्षतोडणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. नाशिकचे चक्र वेगळे. इथे एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी बहार छाटणी आणि जानेवारी ते मार्चदरम्यान तोडणी. हिवाळ्यातल्या थंड रात्रींमुळे द्राक्षातले आम्ल टिकते, हे त्यामागचे कारण. याचा ग्राहकाला थेट फायदा असा की, यंदाच्या द्राक्षांची पांढरी वाइन यंदाच पावसाळ्याच्या सुमारास दुकानात येऊ शकते. त्यामुळे पांढरी आणि रोझे वाइन घेताना चालू किंवा फार तर मागचे साल असलेली बाटली घ्यावी. साध्या रेड वाइनला तीन वर्षांपर्यंतची सूट देता येईल. चार वर्षे जुनी आणि तरीही स्वस्त असलेली पांढरी वाइन फडताळावर दिसली तर ती सवलत नाही, ती न खपलेली बाटली आहे. आणि तिने तेवढे उन्हाळे दुकानात काढलेले आहेत.

अनेक स्वस्त वाइनवर साल नसतेच, कारण त्या एकाहून अधिक वर्षांच्या वाइन एकत्र करून भरलेल्या असतात. अशा वेळी मागच्या लेबलवर किंवा काचेवर छापलेला बॅच आणि महिना पाहावा. तो बारीक अक्षरांत असतो. मोबाइलचा टॉर्च लावून वाचायला संकोच करू नये. बहुतेक वाइनवर एक्स्पायरी डेट नसल्यामुळे ‘ही खराब होत नाही’ असा समज दुकानदारांतही आढळतो. तो व्हिस्की-रमबाबत बऱ्यापैकी खरा आहे, वाइनबाबत नाही.

लेबलवरचा ‘सल्फाइट’ हा शब्द वाचून काही जण बिचकतात. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे मद्यविषयक नियम एप्रिल २०१९ पासून लागू झाले आणि वैधानिक इशाऱ्याबरोबर सल्फाइटचा उल्लेखही बाटलीवर दिसू लागला. गंधकाची ही संयुगे प्राणवायूला आणि जिवाणूंना रोखण्यासाठी वापरली जातात. तासगावचा पिवळा बेदाणा टिकावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात, त्याच कुळातला हा प्रकार. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, त्यांनी सावध राहावे. इतरांनी वाइन टिकण्यात त्याचाच हातभार आहे हे लक्षात घ्यावे.

‘रिझर्व्ह’ या शब्दावर मात्र फार भाळू नये. स्पेन आणि इटलीत त्याला जोडून वाइन किती काळ मुरवायची याचे नियम आहेत. इतर बऱ्याच ठिकाणी उत्पादक तो आपल्या मर्जीने छापतो.

हजार रुपयांच्या आत काय घ्यावे?

इथे थोडे मत मांडण्याची मुभा घेतो : हजाराच्या आत रेडपेक्षा पांढरी वाइन अधिक भरवशाची. चांगली रेड बनवण्यासाठी द्राक्षे पूर्ण पिकलेली हवीत, टॅनिन मऊ व्हायला वेळ हवा आणि बऱ्याचदा ओकच्या लाकडाची पिंपे लागतात. एका पिंपात सव्वादोनशे लिटर वाइन मावते आणि ती पिंपे आयात करावी लागतात. स्वस्त रेडमध्ये हा सगळा खर्च वाचवलेला असतो आणि तो चवीत कळतो. शेनँ ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ या द्राक्षांच्या पांढऱ्या वाइनला थंड ठेवलेली स्टीलची टाकी आणि काही महिने पुरतात. आपल्याकडचे पदार्थही पांढरीच्या बाजूने कौल देतात. तळलेला बोंबील, कोथिंबीर वडी, सुरमईचा तुकडा यांच्याबरोबर किंचित आंबट-गोडसर थंड शेनँ जितकी जमते तितकी तुरट रेड जमत नाही. तिखटाने तुरटपणा आणि अल्कोहोलचा चटका दोन्ही अधिक जाणवतात. रेडच हवी असेल तर शिराझ किंवा कॅबरने-शिराझ अशी साधी, अलीकडच्या सालाची बाटली घ्यावी.

आयात केलेली स्वस्त वाइन हा फसवा सौदा आहे. भारतात आयात वाइनवरचे मूळ सीमाशुल्क वर्षानुवर्षे १५० टक्के राहिले. ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला आणि तिथल्या वाइनवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होऊ लागले, पण ही सवलत बाटलीमागे किमान पाच डॉलर आयातमूल्य असलेल्या वाइनलाच आहे. म्हणजे सर्वांत स्वस्त वाइन त्यातून वगळली गेली. शुल्क, राज्याचे कर, वाहतूक, वितरकाचा वाटा हे सगळे वजा केले, तर हजार-बाराशे रुपयांच्या परदेशी बाटलीतल्या प्रत्यक्ष वाइनची किंमत फारच थोडी उरते. तेवढ्याच पैशांत नाशिकची, अकलूजची किंवा कर्नाटकातल्या नंदी हिल्स परिसरातली वाइन घेतली, तर पैशाचा मोठा भाग द्राक्षांवर खर्च झालेला असतो. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून राज्यातल्या वाइनला करसवलती दिल्या आणि विंचूर, पलूस येथे वाइन पार्क उभारले. घरच्या वाइनची किंमत आवाक्यात राहण्यामागे त्याचाही वाटा आहे.

राहिली ‘पोर्ट’. आपल्याकडे या नावाने मिळणारी गोड, गडद लाल वाइन गोव्याच्या फेरीत अनेकांनी चाखलेली असते. अस्सल पोर्ट पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यात बनते. आंबण्याची क्रिया अर्ध्यात थांबवण्यासाठी तिच्यात द्राक्षाची स्पिरिट घालतात आणि तिचे अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास असते. आपल्याकडची बहुतेक ‘पोर्ट’ त्याहून हलकी आणि गोड असते. नावाचा संबंध एवढाच, पण गोडी आवडत असेल तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. स्वस्तही पडते आणि उघडल्यावर इतरांपेक्षा जरा जास्त टिकते.

दुकान कसे निवडावे?

महाराष्ट्रात पाटीवर ‘वाइन शॉप’ लिहिलेल्या दुकानात सर्वांत दुर्लक्षित वस्तू कोणती असेल तर ती वाइन. व्हिस्की-रमच्या बाटल्या भराभर हलतात. वाइन सर्वांत वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या शेजारी, छताच्या उष्णतेत उभी असते. रात्री शटर बंद झाले की पंखाही बंद. अशा फळीवरून काढलेली, धूळ पुसून दिलेली बाटली घेऊ नये. ‘आतल्या खोक्यातली आहे का’ किंवा ‘कूलरमधली द्या’ असे सरळ विचारावे.

बीअर शॉपीचा पर्याय बरेच जण विसरतात. बीअरबरोबर वाइन विकण्याचाही परवाना त्यांच्याकडे असतो आणि बीअरसाठी मोठाले कूलर तिथे अखंड चालू असतात. निवड कमी असेल, पण बाटली थंड राहिलेली असण्याची शक्यता जास्त. थंड केल्याबद्दल छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले तर देऊ नयेत. एमआरपीपेक्षा जास्त दराने विक्री हा वजनमापे कायद्याखाली गुन्हा आहे.

बाटली हातात घेतल्यावर अर्ध्या मिनिटात होणारी तपासणी अशी : बूच काचेच्या कडेच्या वर आलेले आहे का, झाकणाखाली चिकट ओघळ आहे का, वाइनची पातळी शेजारच्या बाटलीपेक्षा खाली आहे का. यातले काहीही दिसले तर ती बाटली तापलेली आहे. पांढऱ्या वाइनचा रंग गडद सोनेरी किंवा तपकिरीकडे झुकलेला असेल तर तीही बाजूला ठेवावी.

सुपरमार्केटच्या वातानुकूलित फडताळावर वाइन मिळाली असती तर हा प्रश्न काही अंशी सुटला असता. तत्कालीन महाविकास आघाडी सरकारच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये तसा निर्णयही घेतला होता. भाजपने विरोध केला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अमलात आला नाही. त्या वादाच्या दोन्ही बाजूंना बरेच म्हणणे होते. पण वाइन कुठल्या तापमानात विकली जाते, हा मुद्दा त्यात कुणीच काढला नाही.

घरात वाइन कुठे ठेवावी?

सोपे उत्तर : फ्रिजमध्ये. वाइनचे जाणकार यावर नाक मुरडतील, कारण फ्रिजचे चार-पाच अंश हे तापमान आदर्शाहून कमी असते. पण मे महिन्यातल्या ३५ अंशांपेक्षा पाच अंश केव्हाही बरे. थंडीत वाइनमधले बदल मंदावतात, ती बिघडत नाही. फ्रिजच्या कोरड्या हवेत बूच वाळते हे खरे, मात्र त्याला बराच काळ लागतो आणि आपली बाटली तोवर संपलेली असणार. भाजीच्या ट्रेमध्ये तापमान किंचित जास्त असते, तिथे बाटली आडवी बसत असेल तर उत्तम. दारातल्या कप्प्यात दर उघडझापीला हलते आणि तापते. तिथे उघडलेली, लवकर संपवायची बाटली ठेवावी.

फ्रिजमध्ये जागा नसेल (आणि आंब्याच्या दिवसांत ती नसतेच) तर घरातली सर्वांत थंड जागा शोधावी लागते. आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटाचा तळ, दिवाणाखालचा कप्पा, जमिनीलगतची बंद जागा. उष्ण हवा वर चढते, त्यामुळे माळा ही सर्वांत वाईट जागा. तो स्वयंपाकघरातला असेल तर विचारायलाच नको. फ्रिजच्या डोक्यावर अनेक घरांत बाटल्या ठेवलेल्या दिसतात, तिथे मागून येणारी गरम हवा आणि कंप दोन्ही असतात. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाट संध्याकाळी हाताला चटका देते, तेही टाळावे. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली राहणाऱ्यांना मार्च ते जून फ्रिजशिवाय पर्याय नाही. जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात तळमजल्यावरची काळोखी खोली ज्यांच्या वाट्याला आली आहे, ते भाग्यवान. शंका असेल तर साधा थर्मामीटर त्या कपाटात आठवडाभर ठेवून दुपारी आणि पहाटे वाचावा. आकडा २५ च्या वर जात असेल तर तिथे वाइन महिनाभराहून जास्त ठेवू नये. तापमान दिवसभरात फार वर-खाली होत नसेल तर तेही अर्धे काम झाले.

वाइन चिलर घ्यावा का? दोन-चार बाटल्यांसाठी नको. छोट्या चिलरपैकी बरेच कॉम्प्रेसरशिवाय चालतात आणि बाहेरच्या तापमानापेक्षा दहा-पंधरा अंशच खाली जाऊ शकतात. नेमक्या गरजेच्या दिवसांत ते हात टेकतात. त्या पैशांत वाइनच घेतलेली बरी, तीही गरजेपुरती. स्वस्त वाइनचा साठा करू नये, हा खरे तर साठवणुकीचा पहिला नियम. सवलत आहे म्हणून फेब्रुवारीत घेतलेला डझनाचा खोका जूनमध्ये सवलतीचा राहत नाही.

बाटली आडवी की उभी?

लाकडी बूच असेल तर आडवी, म्हणजे बूच ओले राहून फुगलेले राहते. फिरकीचे झाकण असेल तर उभी ठेवली तरी काही बिघडत नाही. आपल्याकडे आता बहुतेक साध्या वाइनना फिरकीचे झाकण असते. ते स्वस्तपणाचे लक्षण समजून अनेक जण बुचाची बाटली निवडतात. आपल्या हवेत फिरकीचे झाकण अधिक सुरक्षित. ते वाळत नाही, वर सरकत नाही आणि बुरशीबाधित बुचामुळे ओल्या पुठ्ठ्यासारखा येणारा वासही टळतो.

रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यावी ना?

हा सल्ला युरोपातल्या जुन्या घरांतून आला. तिथल्या खोल्या १६ ते १८ अंशांवर असत. पुण्यातल्या मेमधली खोली ३२ अंशांवर असते. त्या तापमानाची रेड पिताना अल्कोहोलचा भपकाराच आधी लागतो. पिण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली की तीच वाइन वेगळी लागते. पांढरीला दोन-तीन तास द्यावेत. पाहुणे दारात आले असतील तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवावी. पंधरा-वीस मिनिटांत काम होते. नुसत्या बर्फाने इतक्या लवकर होत नाही, कारण बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात बाटलीला ओला पंचा गुंडाळून पंख्याखाली ठेवली तर माठाच्या तत्त्वाने बऱ्यापैकी गार होते. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती चालत नाही. फ्रीझरमध्ये ठेवून विसरणे हा नेहमीचा अपघात. साधी वाइन उणे पाच-सहा अंशांच्या आसपास गोठू लागते आणि फुगून बूच उडवते, प्रसंगी बाटली तडकवते.

उघडल्यावर किती दिवस टिकते?

पांढरी, रोझे किंवा रेड, कोणतीही असो, झाकण लावून फ्रिजमध्ये तीन ते पाच दिवस. रेडही फ्रिजमध्येच ठेवायची, पिण्याआधी थोडी बाहेर काढायची. बुडबुड्यांची स्पार्कलिंग एक-दोन दिवस आणि तीही दाबाचे खास झाकण असेल तर. बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून ठेवल्याने बुडबुडे टिकतात, ही निव्वळ दंतकथा आहे. अस्सल पोर्टसारखी वाइन काही आठवडे चालते.

सर्वांत उपयोगी आणि फुकटची युक्ती म्हणजे ३७५ मिलिलिटरची छोटी बाटली धुऊन, वाळवून घरात ठेवणे. मोठी बाटली उघडली की लगेच अर्धी वाइन छोट्या बाटलीत काठोकाठ भरायची, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये टाकायची. वर हवेला जागाच नसल्याने ती आठवडाभर तरी ताजी राहते. हवा ओढून काढणारे हातपंप मिळतात, पण या छोट्या बाटलीपुढे ते फिके. घरात पिणारी एक-दोनच माणसे असतील तर मुळात अर्धी बाटलीच विकत घ्यावी. मिलिलिटरच्या हिशेबात महाग पडते, पण ओतून दिलेल्या वाइनचा हिशेब धरला तर नाही.

‘उघडली आहे तर संपवून टाकू’ हा विचार मात्र नको. ७५० मिलिलिटरच्या, १३ टक्के अल्कोहोलच्या बाटलीत सुमारे ७७ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. दोघांत एक बाटली म्हणजे प्रत्येकी जवळपास ४० ग्रॅम. रेड वाइन हृदयाला चांगली, हे वाक्य अजूनही सर्रास ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नसल्याचे स्पष्ट केले आहे. औषध म्हणून कुणी वाइन घेत असेल तर त्याने ती बंद करावी.

गोव्याहून बाटल्या आणल्या तर?

किमतीतला फरक मोह पाडणारा असतो, कारण मद्यावरचे कर प्रत्येक राज्याचे वेगळे. पण परवान्याशिवाय दुसऱ्या राज्यातले मद्य महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे आणि सिंधुदुर्गातल्या तपासणी नाक्यांवर त्यासाठी कारवाई होत असते. राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. वाइनसाठी वयाची अट २१ वर्षे, व्हिस्की-रमसारख्या मद्यासाठी २५. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी उन्हात उभ्या गाडीत तापमान ५०-६० अंशांवर जाते. पाश्चर यांनी वाइन एवढीच तापवली होती, पण थोडा वेळ आणि मोजून. डिकीत ती दिवसभर शिजते. नाशिकहून परततानाही हेच लक्षात ठेवावे. बाटल्या डिकीत नव्हे, एसी असलेल्या गाडीत पायाशी ठेवाव्यात आणि वाटेत जेवायला थांबणार असाल तर गाडी सावलीत लावावी.

शोकेसमध्ये आधीच असलेल्या बाटलीचे काय?

आणखी वाट पाहू नये. या रविवारी ती तासभर फ्रिजमध्ये ठेवून उघडावी. काचेच्या पेल्यात ओतून पांढऱ्या कागदासमोर धरावी. रेडच्या कडेला विटकरी झाक असेल किंवा पांढरी चहासारखी दिसत असेल, तर वय झाले आहे. वास घ्यावा : व्हिनेगर, नखांचे पॉलिश, ओला पुठ्ठा किंवा उकडलेला कोबी यांपैकी काही आठवले तर पिण्यात मजा नाही. पण अशी वाइन विषारी नसते, त्यामुळे एक घोट घेऊन पाहायला हरकत नाही. नुसतीच दमलेली, बेचव निघाली तर मटण किंवा मशरूमच्या रश्शात अर्धा पेला घालून उकळावी, किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून नंतर वापरावी. व्हिनेगरचा वास मारत असेल तर मात्र स्वयंपाकातही नको. कधी कधी अशी बाटली चांगलीही निघते, विशेषतः ती गोड असेल आणि घर थंड असेल तर. आणि शोकेस रिकामी दिसू लागली तर तीच बाटली धुऊन, त्यात पाणी भरून मनी प्लँटची फांदी लावावी. हिरव्या काचेत ती छान वाढते.